वरातीतला डीजे, ऑक्टापॅड आणि ड्रम मशीन: तिघांची लय एक कशी ठेवायची

गाणं १२० बीपीएमवर (मिनिटाला १२० ठोके) चालू आहे आणि ड्रम मशीन १२०.१ वर. कानाला सुरुवातीला काहीच कळत नाही. पण हा फरक मिनिटाला ५० मिलिसेकंदांनी वाढत जातो आणि पाच मिनिटांत मशीन अर्धा ठोका पुढे निघून जातं. गाण्याचा धम्म पडतो तिथे मशीनची टाळी येते आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. त्यामुळे दोन्हीकडे आकडा सारखा लावून भागत नाही. सगळ्यांनी एकाच यंत्राचा क्लॉक, म्हणजे लय सांगणारी स्पंदनं, घ्यावा लागतो आणि वरातीत तो डीजेच्या लॅपटॉपचाच असावा, कारण गाण्याची लय तिथेच ठरते.

आधी क्लॉक कुणाला लागतो ते बघा. धुमाल पार्टीतला (वरातीत वाजवणाऱ्या पथकातला) पोरगा ऑक्टापॅड काडीने वाजवतो, त्याला क्लॉकचा काही उपयोग नाही. त्याला हेडफोनमध्ये गाणं स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. क्लॉक लागतो तो आपोआप चालणाऱ्या गोष्टींना: ड्रम मशीनचा पॅटर्न, पॅडवरचा लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा), कीबोर्डचा अर्पेजिएटर (दाबलेले सूर एकेक करून वाजवणारा), लयीवर चालणारा डिले (आवाजाचा प्रतिध्वनी).

सगळ्यात भरवशाची जोडणी पाच पिनच्या मिडी केबलची. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना सूचना देतात ती भाषा. बहुतेक साध्या डीजे कंट्रोलरला हा सॉकेट नसतो, म्हणून लॅपटॉपला यूएसबी-मिडी इंटरफेस लावा. इंटरफेसचं आउट मशीनच्या इनमध्ये जातं. स्वस्तातल्या केबलवर इन-आउट लिहिलेलं असतं, पण ते केबलचं की मशीनचं याचा गोंधळ होतो. मशीन हललं नाही तर आधी दोन्ही प्लग अदलाबदल करून बघा. केबल १५ मीटरपेक्षा लांब नको.

ट्रॅक्टर प्रो हे डीजे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमधल्या कंट्रोलर मॅनेजरमध्ये जेनेरिक मिडी हे डिव्हाइस जोडा आणि आउट-पोर्टला इंटरफेस निवडा. मग मिडी क्लॉकच्या पानावर सेंड मिडी क्लॉकवर टिक करा. मास्टर क्लॉकच्या पॅनेलमधून क्लॉक सुरू करा. मशीनवर सिंक एक्स्टर्नल किंवा ऑटो ठेवा. मशीनवर बीपीएमचा आकडा थोडा थरथरला तर घाबरू नका. मिडीत आकडा जातच नाही, दर ठोक्याला २४ स्पंदनं जातात आणि मशीन त्यावरून हिशोब करतं. १२० ला दोन स्पंदनांत जेमतेम २०.८ मिलिसेकंद असतात.

आता ऑफसेट, म्हणजे क्लॉक किती मिलिसेकंद आधी किंवा उशिरा पाठवायचा तो आकडा. हे काम मांडवात नाही, आदल्या दिवशी घरी करा. नुसता किक (ड्रमचा धम्म ठोका) असलेला ट्रॅक लावा आणि मशीनवरही प्रत्येक ठोक्याला किक ठेवा. मशीनचा आवाज लॅपटॉपमधून फिरवून आणू नका, सरळ मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलमध्ये घ्या. हेडफोनमध्ये दोन ठोके सुटे ऐकू येतील. ऑफसेट पाच-पाच मिलिसेकंदांनी सरकवा. ठोके आणखी लांब गेले तर उलट दिशेने या. जवळ आले की आवाज पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा. तिथून एक-एक मिलिसेकंद. पोकळपणा जाऊन ठोका भरीव लागला की आकडा लिहून ठेवा. लॅपटॉपच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) बदललात तर हे सगळं पुन्हा करावं लागतं.

हेडफोनचा आग्रह एवढ्यासाठी की हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० ते ३५५ मीटर जातो. स्पीकरच्या पेट्यांपासून २० मीटर पुढे चालणाऱ्या वादकाला गाणं जवळजवळ ५७ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. तो त्यावर बरोबर वाजवतो, पण त्याचा पॅड पेटीतून निघाला की उशिरा वाटतो. त्यात त्याची चूक नाही. त्याला वायरचा हेडफोन द्या. ब्लूटूथला स्वतःचाच उशीर असतो.

खरी डोकेदुखी बीटग्रिडची, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांच्या खुणा आखतं त्या जाळीची. लॅपटॉप मशीनला गाण्याची लय देत नाही, ग्रिडची देतो. वादकांनी क्लिकशिवाय (कानात ठोका न घेता) वाजवलेल्या जुन्या लग्नगीतांत आणि भीमगीतांत अंतऱ्याला लय चढते, पण सरळ ग्रिड तशीच राहते. अशा गाण्याला लयीबरोबर बदलणारी डायनॅमिक किंवा फ्लेक्सिबल ग्रिड लावा. ते जमत नसेल तर मशीन फक्त ध्रुवपदाला घ्या.

सहाच्या चालीत तर हमखास घोटाळा होतो. समजा ठोका १०० चा आहे आणि प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा आहेत. मशीनवर ६/८ चा पॅटर्न ठेवलात तर या तीन मात्रांना ते ३६ स्पंदनं घेतं, पण लॅपटॉप ठोक्याला २४ च पाठवतो. मशीन रेंगाळतं. उपाय दोन: सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड १५० ची करा, नाहीतर १०० च ठेवून पॅटर्न ४/४ मध्ये ट्रिपलेटने (एका ठोक्यात तीन) भरा. आमच्या मते दुसरा बरा, कारण पुढचं साधं गाणं आलं की काही बदलावं लागत नाही.

दोन लॅपटॉप किंवा आयपॅड जोडायचे असतील तर मिडीऐवजी एबलटन लिंक सोपं; ते वायरशिवाय, नेटवर्कवरून लय जुळवतं. सगळे एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हवेत. गावात रेंज नसली तरी चालतं, इंटरनेट लागत नाही. मात्र लिंकमध्ये मालक कोणीच नसतो. कुणीही टेम्पोला हात लावला की सगळ्यांचा बदलतो.

उरला जनरेटर. एकाच जनरेटरवर अँप्लिफायर, लाइट आणि लॅपटॉप असतील तर यूएसबीतून गुणगुण येते. पाच पिनच्या मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर असतो, म्हणजे दोन यंत्रांत विजेचा थेट संबंध येत नाही. यूएसबी आणि ३.५ मिमीच्या सिंक वायरला हे संरक्षण नाही. वीज न लावलेला यूएसबी हब मध्येच निसटू शकतो आणि क्लॉक थांबतो. इंटरफेस हबमध्ये नको, सरळ लॅपटॉपमध्ये लावा. एप्रिल-मे मध्ये अकोला-चंद्रपूरकडच्या दुपारच्या वरातीत लॅपटॉप सावलीत आणि खालून हवा लागेल असा ठेवा. तापला की प्रोसेसर मंदावतो आणि क्लॉक डगमगतो.

चालू वरातीत मशीन निसटलंच तर टेम्पोशी खेळत बसू नका. आधी त्याचं चॅनेल मिक्सरवर खाली घ्या, क्लॉक थांबवा आणि गाण्याच्या समेवर पुन्हा सुरू करा. हेडफोनमध्ये चार ठोके बरोबर पडले की फेडर वर घ्या.