समुपदेशनाला बसताना पुस्तकी मराठी बाहेर ठेवा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नव्यानं समुपदेशन करणाऱ्यांनी पहिलाच प्रश्न जपून विचारावा. ‘तुम्ही मराठी की कन्नड?’ हा प्रश्न इकडे भाषेपुरता राहत नाही, लगेच सीमावादाचा होतो. ‘कुठल्या भाषेत बोलायला सोपं जाईल?’ एवढं पुरे. मधेच भाषा बदलली तर बदलू द्या. आपलं कन्नड कच्चं असेल तर तसं सांगून टाका. समजल्यासारखी मान हलवणं फार वेळ टिकत नाही.

खरा खड्डा पुढे आहे: समोरच्याच्या शब्दाचं शुद्धीकरण. बाई म्हणते, ‘जीव लई घाबरा होतोय, काय सुचंना बघा.’ आपण म्हणतो, ‘म्हणजे तुम्हाला चिंता जाणवते.’ ती ‘हो’ म्हणते आणि गप्प बसते. तो होकार नसतो. मास्तरांनी वही तपासून परत दिल्यासारखं तिला वाटलेलं असतं. तिचाच शब्द उचला: ‘जीव घाबरा होतो तेव्हा अंगात काय काय होतं?’ मग छातीतली धडधड येते, रात्री दोनला उठून बसणं येतं, पोराच्या फोनची वाट बघणं येतं. इकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. तिथं ‘आले’ म्हणून दुरुस्त केलंत तर बोलणं संपलंच.

उलट टोकही नको. पुण्याच्या वळणाचा माणूस मुद्दाम इकडच्या बोलीत ‘काय करुलालास’ (काय करतोयस) म्हणायला लागला की चेष्टाच वाटते. शब्द त्यांचा घ्या, हेल आपलाच असू द्या.

‘का भांडलात?’ ही झडती होते. ‘भांडणाच्या आधी काय झालं होतं?’ असं विचारा.

‘जीव नको झालाय’ ऐकल्यावर मात्र आडून बोलू नका. ‘मरून जावं असं मनात येतं का?’ सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. होकार आला तर एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला तरी जोडायचं, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. अशा वेळी गुप्तता पाळता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं असावं.

दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर आमचा विश्वास नाही. सहकाऱ्यासोबत दहा मिनिटांचं लुटुपुटीचं सत्र मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्यात ‘का’ किती आले, समोरचा थांबल्यावर आपण किती सेकंदांत तोंड उघडलं, ते मोजा. पाच सेकंद गप्प बसणंसुद्धा जड जातं. ‘छान केलंस’ म्हणणाऱ्यापेक्षा हे रेकॉर्डिंग बसून ऐकणारा मार्गदर्शक धरा.

चुकीचं वाक्य तोंडून जाणारच, घाबरू नका. ‘मी मधेच तोडलं तुम्हाला, परत सांगा की’ म्हटलं की बहुतेक वेळा माणूस पुन्हा बोलू लागतो.