महिला महाविद्यालयांची शिष्यवृत्ती मागताना या चुका टाळा

अमेरिकेतील निवडक महिला महाविद्यालयांत शिष्यवृत्ती मिळवून शिकायला जायचे, अशी जिद्द धरणाऱ्या मुली आता देवगड, राजापूर, गुहागर, दापोली या भागांतूनही पुढे येऊ लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. त्यांचे अर्ज तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. मात्र दरवर्षी गणपती झाले की फोन सुरू होतात आणि त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात, तेव्हा जीव तुटतो; कारण मुलीच्या कुवतीत काही कमी नसते, कमी असते ती कागद नीट वाचण्याची तयारी. ज्या अर्जातून यांपैकी बहुतेक महाविद्यालयांकडे जाता येते, तो कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत साधारणतः नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि नियमित फेरीची जानेवारीत संपते. गणपतीनंतर सुरुवात करणारी मुलगी त्यामुळे आधीच मागे पडलेली असते, आणि मग घाई सुरू होते.

गुण चांगले आहेत, म्हणजे शिष्यवृत्ती मिळणारच

आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी लागते, यादीत नाव आले की रक्कम मिळते, आणि पालकांच्या मनात हेच चित्र पक्के बसलेले असते. दहावीला ९६ टक्के मिळालेल्या मुलीचे वडील मला विचारतात, की वेलस्ली महाविद्यालयाची गुणवत्तेची शिष्यवृत्ती किती टक्क्यांना मिळते. वेलस्ली अशी शिष्यवृत्ती देतच नाही. वेलस्ली आणि बर्नार्ड या दोन्ही ठिकाणी महाविद्यालयाकडून मिळणारी मदत केवळ कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते, तिथे ९६ टक्क्यांना वेगळा पैसा नाही. स्मिथमध्येही मदतीचा मोठा भाग गरजेवरच दिला जातो. माउंट होलिओक, ब्रिन मॉर, स्क्रिप्स आणि अ‍ॅग्नेस स्कॉट ही महाविद्यालये गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात, पण तिथेही टक्केवारीची रेघ ओढलेली नसते. निबंध, शिक्षकांची पत्रे, मुलीने वर्गाबाहेर केलेली कामे, शाळेने कोणते विषय उपलब्ध करून दिले होते आणि त्यांतले तिने कोणते घेतले, हा सगळा अर्ज एकत्र वाचून निर्णय होतो.

याला जोडूनच दुसरी गफलत होते. माउंट होलिओकच्या ट्रस्टी शिष्यवृत्तीत पूर्ण शिक्षणशुल्क मिळते, हे वाचून घरात पेढे वाटण्याची तयारी सुरू होते. परंतु राहणे, जेवण, आरोग्यविमा, पुस्तके आणि विमानभाडे हे सारे शिक्षणशुल्काबाहेरचे असते. शिवाय अशा पूर्ण शुल्काच्या शिष्यवृत्त्या थोड्याच असतात. वेलस्ली, स्मिथ, माउंट होलिओक अशा महाविद्यालयांचा एका वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरांच्या वर जातो. त्यात ३० हजार डॉलरांची शिष्यवृत्ती मिळाली, तरी उरलेले ५० हजार डॉलर म्हणजे ४० लाखांहून अधिक रुपये होतात, आणि हा हिशेब चार वर्षांचा आहे. म्हणून मी प्रत्येक मुलीला पहिल्याच भेटीत एक वही करायला लावते. तिच्यात प्रत्येक महाविद्यालयाला एक पान द्यायचे आणि त्या पानावर एकूण खर्च, गुणवत्तेवर मिळू शकणारी कमाल रक्कम, गरजेवरील मदत परदेशी विद्यार्थिनींना मिळते की नाही, आणि कोणते फॉर्म कोणत्या तारखेपर्यंत हवेत, एवढे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून स्वतःच्या हाताने उतरवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ज्या मुली ते टाळून कुणाच्या तरी मोबाइलवर फिरणारी तयार यादी मागतात, त्यांच्याबरोबर पुढचे महिने फार कठीण जातात.

याच ठिकाणी एजंट एक सल्ला देतात, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो: ‘सध्या मदत नको असे लिहा, प्रवेश सहज मिळेल, मदत नंतर मागू.’ परदेशी विद्यार्थिनीने मदत मागितली, तर तिच्या प्रवेशाचा निर्णय घेताना ती बाब यांपैकी बहुतेक महाविद्यालयांत विचारात घेतली जाते, हे खरे आहे. पण अर्ज करताना मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थिनीला पुढे ती मागता येत नाही, असा नियमही अनेक ठिकाणी आहे. ज्या घराला वर्षाला ७० लाख रुपये भरणे शक्य नाही, त्या घरातील मुलीला असा प्रवेश मिळून उपयोग काय? गरज असेल, तर पहिल्याच अर्जात मागा.

उत्पन्नाचे दोन आकडे

ही चूक कोकणात जितकी होते, तितकी क्वचितच दुसरीकडे होत असेल, आणि तिच्यामागे आपल्या जमिनींचा व बागायतीचा स्वभाव आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

देवगडकडची एक मुलगी होती. गणित उत्तम, वाचन भरपूर, इंग्रजी स्वच्छ. घरची हापूसची बाग होती, पण सातबारा आजोबा आणि चुलत्यांसह सामाईक. राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी पूर्वी काढलेला तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला घरात होता आणि त्यावर वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्याही आत दाखवलेले होते. वडिलांनी आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये तोच आकडा भरला. मुलीने निबंध मात्र बागेवर लिहिला आणि फार चांगला लिहिला: मोहोर राखण्याची धडपड, हंगामात बागेत राहणारे नेपाळी राखणदार, रात्री उशिरापर्यंत चालणारी पेट्या भरण्याची लगबग, वाशीला निघणारा टेम्पो. महाविद्यालयाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि सरळ विचारले, की एवढ्या उत्पन्नात मजुरांचा पगार कसा भागतो, त्याचा खुलासा करावा.

तोपर्यंत ही मुलगी माझ्याकडे आलेली नव्हती. एक ओळखीचा माणूस तिचा अर्ज भरत होता. त्याने उपाय सुचवला तो असा, की मोठ्या आकड्याचा दुसरा दाखला काढून पाठवावा. एकाच वर्षाचे, एकाच माणसाचे, दोन वेगवेगळ्या आकड्यांचे दोन सरकारी दाखले महाविद्यालयाकडे गेले. त्यानंतर आणखी कागद मागवले गेले, ते मुदतीत जमले नाहीत आणि मदतीची फाइल अपूर्ण म्हणून बंद झाली. मुलगी माझ्याकडे आली ती हे सारे घडून गेल्यावर. मी वडिलांना तीन हंगामांच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, घेऊन बसवले. फवारणी, खते, मजुरी, पेट्या, वाहतूक, दलाली आणि चुलत्यांचा हिस्सा वजा केल्यावर जे उरत होते, ते इतके थोडे होते, की खरा आकडा लिहिला असता तरी हे कुटुंब मोठ्या मदतीला पात्र ठरले असते. खोटे लिहिण्याची गरजच नव्हती, याचे वाईट मला आजही वाटते.

यातून मार्ग असा आहे. भारतात शेतीचे उत्पन्न आयकर कायद्याने करमुक्त आहे, त्यामुळे बागायतदाराच्या आयकर विवरणपत्रात फारसे काही दिसत नाही. अमेरिकेतील अधिकाऱ्याला हे माहीत असेलच, असे धरून चालू नये. सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा फॉर्म अनेक महाविद्यालये मागतात आणि त्यात उत्पन्नाबरोबर मालमत्ताही विचारली जाते. तिथे सामाईक सातबाऱ्यावरील सगळी जमीन आपल्या नावावर दाखवणे जितके चूक, तितकेच ती लपवणेही चूक. मी एक पानाचे पत्र लिहून घेते: जमीन कोणाकोणाच्या नावावर आहे, आपला हिस्सा किती, ती विकता येते की नाही, बाग स्वतः करतो की कराराने दिली आहे, गेल्या तीन हंगामांत आवक किती आणि खर्च किती, कोणत्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गेला. या पत्रासोबत पट्ट्यांच्या प्रती आणि चार्टर्ड अकाउंटंटने सही केलेला हिशेब जोडायचा. मासेमारी नौका असेल, तर डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा आणि पावसाळ्यातील बंदीचा काळ याच पद्धतीने मांडायचा. निबंध, फॉर्म आणि कागद यांत एकच घर दिसले पाहिजे. त्यासाठी पाठवण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर मांडून एका बैठकीत मोठ्याने वाचण्याचा माझा नियम आहे, आणि तो मी कोणासाठीही सोडत नाही.

शिक्षकांच्या पत्राला दाखला समजणे

‘सदर विद्यार्थिनी आज्ञाधारक, कष्टाळू व सद्वर्तनी आहे’ हे वाक्य इंग्रजीत करून पाठवले, म्हणजे शिफारसपत्र झाले, असा समज आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत खोलवर रुजलेला आहे. एका वर्षी एकाच महाविद्यालयातील मैत्रिणींनी एकाच ठिकाणी अर्ज केले आणि सरांनी सगळ्यांना एकच मजकूर नाव बदलून दिला. त्यांतील एका पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच मुलीचे नाव तसेच राहून गेले होते. सर मनाने चांगले होते, वर्गात ऐंशी-नव्वद मुले होती आणि कसे पत्र लिहायचे हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. दोष मुलींचा, कारण त्यांनी आदल्या आठवड्यात जाऊन ‘सर, उद्यापर्यंत द्याल का?’ असे विचारले होते.

सरांकडे जुलै-ऑगस्टमध्येच जावे. जाताना एक कागद न्यावा आणि त्यावर त्यांच्याच विषयात घडलेले दोन-तीन खरे प्रसंग लिहावेत: कोणता प्रयोग फसला आणि आपण तो पुन्हा कसा केला, कोणत्या धड्यावर त्यांच्याशी वाद घातला, वर्गातील कोणाला काय शिकवले. सरांचे इंग्रजी कच्चे असेल, तर त्यांनी मराठीत लिहावे आणि भाषांतर दुसऱ्या शिक्षकाकडून करून, तसे स्पष्ट नमूद करून पाठवावे. काही एजंट शिक्षकांच्या नावाने खोटे ईमेल खाते उघडून पत्र स्वतःच चढवतात. ही फसवणूक आहे. ती उघडकीस आली, तर मुलीचा प्रवेश मिळाल्यानंतरही रद्द होऊ शकतो. असे करणाऱ्याकडे मुलीला पाठवू नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

बाकीच्या चुका थोडक्यात

नाव पासपोर्टवर आहे तसेच सगळीकडे लिहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, अशी स्थिती असेल, तर ती दहावीनंतरच्या सुट्टीत दुरुस्त करा. मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारणाऱ्या या माणसाच्या किनाऱ्यावरील मुलींनी तरी नावाच्या स्पेलिंगपायी अडून राहू नये.

टक्क्यांचे ग्रेडमध्ये रूपांतर स्वतः करू नका. बोर्डाची टक्केवारी आहे तशी द्या.

कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात. त्या वक्तृत्व आणि कॅरमच्या प्रमाणपत्रांनी भरू नका. घरच्या खानावळीचा हिशेब, काजूच्या कारखान्यातील सुट्टीतले काम, धाकट्या भावाची आणि आजारी आजीची देखभाल यांसाठी त्या अर्जात स्वतंत्र वर्ग आहेत, आणि आपल्या मुली नेमके तेच लाजून लिहीत नाहीत.

निसर्ग चक्रीवादळ किंवा २०२१ चा चिपळूणचा पूर यांवर निबंध लिहायचा असेल, तर पाणी किती चढले यावर दोन वाक्ये पुरेत. ६५० शब्दांची मर्यादा आहे, आणि पाणी ओसरल्यावर तुम्ही काय केले, हे वाचणाऱ्याला हवे असते. निबंध विकत घेऊ नका आणि यंत्राकडून लिहून घेऊ नका.

लवकरच्या बंधनकारक फेरीत अर्ज करणे म्हणजे प्रवेश मिळाल्यास जाण्याचे वचन देणे होय. निरनिराळ्या शिष्यवृत्त्यांची तुलना करायची असेल, तर त्या फेरीत जाऊ नका.

जे. एन. टाटा एन्डाउमेंटचे कर्ज आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतरच्या आराखड्यात ती रक्कम धरू नका.

पैसे देऊन सल्ला घेण्यापूर्वी मुंबईतील एज्युकेशन-यूएसए या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-सल्ला केंद्राशी बोला. तिथला सल्ला विनामूल्य असतो.

निवडीचे पत्र आले, की आकडा पाहून लगेच होकार देऊ नका. शिष्यवृत्ती चारही वर्षे मिळणार का, त्यासाठी किती श्रेणी टिकवावी लागते, शुल्क दरवर्षी वाढले तर शिष्यवृत्ती वाढते की तेवढीच राहते, हे लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी रक्कम तेवढीच राहते, हे ध्यानात ठेवा. त्या पत्रात कॅम्पसवरील नोकरीचे पैसे मदत म्हणून धरलेले असतील, तर ते मुलीने काम केल्यावरच हाती येतात, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढायचे असेल, तर बागायतीची जमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. बिगरशेती जमीन किंवा घर लागते, आणि तेही सामाईक असेल, तर सर्वांच्या सह्या लागतात. होकार कळवण्याची तारीख सहसा १ मे असते, तेव्हा आंब्याचा हंगाम ऐन भरात असतो आणि मुंबईचे चुलते सहीसाठी लगेच येऊ शकत नाहीत, म्हणून त्या सह्यांची बोलणी शिमग्याला सगळे गावी आलेले असतानाच करून ठेवावीत.