होड्यांचं छोटं संग्रहालय बघताना

निघण्याआधी फोन करा; अशी बरीच संग्रहालयं स्वयंसेवकांच्या सोयीने उघडतात. टॉर्च न्या आणि फळीला जवळजवळ समांतर धरा. तासणीच्या खुणा तेव्हाच उठून दिसतात, समोरच्या उजेडात त्या हरवतात. मग खाली वाकून फळ्यांचे सांधे बघा, खरी गंमत तिथेच आहे. फळी फळीवर चढवलेली असेल, तर बहुधा आधी फळ्यांचं बाहेरचं कवच आणि नंतर आतल्या आधाराच्या बरगड्या बसवलेल्या असतात. कडेला कड भिडवलेली असेल, तर पाणी आत येऊ नये म्हणून फटीत ठोकलेला कापूस किंवा ताग शोधा. कुठे खिळ्यांऐवजी दोरीची शिवणही सापडते. होडीच्या काठावर मात्र रेलू नका: पाण्याबाहेर लाकूड वाळून आकसतं, सांधे सैल होतात. फोटोत मोजपट्टी असू द्या.