पित्ताशयाचा जुनाट दाह : चिनी वनौषधी आणि अ‍ॅक्युपंक्चर घेण्याची रीत

पित्ताशयाचा दाह जुनाट होतो तेव्हा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मुळाशी खडे असतात. त्यामुळे चिनी उपचार सुरू करण्यापूर्वी पोटाची सोनोग्राफी, यकृताच्या कार्याची रक्ततपासणी आणि शल्यचिकित्सकाचा सल्ला एवढी तयारी झालेली असावी. खडे असून वारंवार दुखत असेल, तर दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, ज्यांची ती लांबली आहे किंवा ज्यांना खड्यांशिवायच जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जडपणा आणि मळमळ जाणवते, त्यांना या उपचाराने त्रास कमी झाल्याचा अनुभव येऊ शकतो. पण त्यामागचा संशोधनाचा पुरावा तोकडा आहे.

चिनी वैद्य रोगाच्या नावावरून नव्हे, तर लक्षणांच्या घडणीवरून औषध ठरवतो. चिडचीड आणि ताणाबरोबर वाढणारी, बरगडीखाली जागा बदलणारी वेदना म्हणजे यकृताची ‘छी’ (चिनी वैद्यकातील प्राणशक्ती) अडली असे मानून ‘छायहू शूगान सान’ हे वनौषधींचे मिश्रण दिले जाते. तोंड कडू, जिभेवर पिवळा चिकट थर आणि बद्धकोष्ठ असेल, तर ‘दा छायहू थांग’ हा काढा निवडला जातो. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या अखेरीस, चांग चुंगचिंग यांनी नोंदवलेल्या या काढ्यात छायहू व हुआंगछिन ही मुळे, बानशिया हा शुद्ध केलेला कंद, पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचे मूळ, कडू संत्र्याची कोवळी फळे, दाहुआंग (रेवंदचिनीचे रेचक मूळ), आले आणि चिनी बोरे असतात. पित्त वाहते राहावे म्हणून त्यात जिनछ्येनत्साओ ही वनस्पती (रोज १५ ते ६० ग्रॅम) आणि युजिन यांची भर घातली जाते. युजिन म्हणजे हळदीच्या कुळातील झाडांचे गाठाळ मूळ. म्हणून स्वयंपाकघरातली हळद त्याच्या जागी चालेल, असे मात्र समजू नये.

वैद्याने मोजून दिलेली पुडी काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात, मुळे बुडून वर तीन-चार सेंटीमीटर राहील इतक्या गार पाण्यात अर्धा तास भिजवावी. लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी टाळावीत. उकळी आल्यावर आच मंद करून वीस ते तीस मिनिटे शिजू द्यावे, गाळावे, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा करावा आणि दोन्ही एकत्र करून दिवसातून दोनदा कोमट प्यावेत. रेचक परिणाम हवा असेल, तर वैद्याच्या सूचनेप्रमाणे दाहुआंग शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकतात, कारण जास्त शिजल्याने तो परिणाम मंदावतो. गरोदर स्त्रियांनी आणि जुलाब होत असलेल्यांनी दाहुआंग घेऊ नये.

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस असलेला ‘यांगलिंगछुआन’ हा मुख्य बिंदू आहे. त्याच्या थोडे खाली, दाबल्यावर दुखेल तिथे, ‘दाननांग’ म्हणजे पित्ताशयबिंदू धरला जातो. मळमळीसाठी मनगटाजवळचा ‘नेइक्वान’ जोडतात, आणि सुया साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात. छातीवरील ‘रियुए’ आणि ‘छीमन’ या बिंदूंखाली फुप्फुस असल्याने तिथे खोल टोचणे धोक्याचे आहे; या ठिकाणी शिकाऊ हात नको. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात.

औषधांच्या सुरक्षिततेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. ‘लोंगदान श्येगान’ या प्रसिद्ध गोळ्यांमध्ये पूर्वी वापरली जाणारी क्वानमुथोंग ही वनौषधी तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल या विषारी घटकामुळे मूत्रपिंड निकामी करते, असे दिसल्यावर चीनने २००३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. हुआंगछिन असलेल्या औषधांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे काही आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करावी. घटक न छापलेल्या आणि ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या घेऊच नयेत. ऑलिव्ह तेल व लिंबूरस पिऊन ‘खडे पाडण्या’चा प्रकार तर निव्वळ फसवा आहे: शौचातून पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुधा त्याच तेलापासून आतड्यात तयार झालेल्या साबणासारख्या गाठी असतात. पित्त वाहते करणाऱ्या औषधांनी लहान खडा पित्तनलिकेत सरकून अडकू शकतो, ही शक्यता वैद्याने आधीच सांगायला हवी.

ताप, थंडी वाजणे, डोळे पिवळे होणे, लघवी गडद पिवळी होणे, न थांबणारी उलटी किंवा काही तास टिकणारी तीव्र वेदना, यांपैकी काहीही झाले, तर काढा थांबवून तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर चिनी वैद्य आणि नेहमीचे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या औषधांची यादी द्यावी. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर वनौषधी किती दिवस आधी बंद करायच्या हे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञांना विचारावे. सर्वसाधारणपणे दोन आठवडे आधी त्या थांबवायला सांगतात.