दोन कॉम्प्युटरमधील नेटवर्कचा वेग कसा मोजावा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात व्हर्नियर लावून माप घेतल्याशिवाय जॉब (यंत्रावर घडवला जाणारा भाग) पुढे जात नाही. पण त्याच शेडच्या माळ्यावरील ऑफिसात ड्रॉइंगची फाइल उघडायला वेळ लागू लागला, की 'नेट स्लो आहे' एवढ्यावर निदान उरकते आणि इंटरनेटवाल्याला फोन जातो. वास्तविक फाइल खालच्या कॉम्प्युटरवरून वरच्या कॉम्प्युटरवर येत असेल, तर इंटरनेटचा तिथे संबंधच नसतो. दोष आतल्या जोडणीत आहे का, हे 'आयपर्फ३' (आय, पी, ई, आर, एफ, ३) या कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने पाहता येते. तो पाठवायची माहिती मेमरीतच तयार करतो आणि दुसऱ्या टोकाला ती टाकून देतो. त्यामुळे फाइल कॉपी करून पाहताना हार्ड डिस्कच्या संथपणाचे खापर केबलवर फुटते, तसे इथे होत नाही.

दोन्ही कॉम्प्युटरवर हा प्रोग्रॅम हवा. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल आयपर्फ३' या आज्ञेने तो बसतो. विंडोजवर डाउनलोड केलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून चालवावा. इथे देवनागरीत लिहिलेल्या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात. जिथे 'मोठे' म्हटले आहे, तिथेच मोठे अक्षर वापरावे. जुना आयपर्फ२ आणि आयपर्फ३ यांचे एकमेकांशी जुळत नाही, म्हणून दोन्हीकडे तिसराच असल्याची खात्री करावी.

एका कॉम्प्युटरवर 'आयपर्फ३ -एस' चालवावे, म्हणजे तो सर्व्हर होऊन ५२०१ या पोर्टवर (जोडणीसाठीच्या क्रमांकित दारावर) वाट पाहत बसतो. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधील त्याचा क्रमांक) विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने कळतो. तो १९२.१६८.१.१० असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे क्लायंटवर, 'आयपर्फ३ -सी १९२.१६८.१.१०' असे लिहावे. जोडणीच झाली नाही, तर आधी सर्व्हरची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) पाहावी. बहुतेक वेळा घोडे तिथेच अडते.

चाचणी १० सेकंद चालते आणि दर सेकंदाला एक ओळ उमटते. शेवटच्या ओळींतील 'बिटरेट' हा खरा आकडा. तो मेगाबिटमध्ये असतो, मेगाबाइटमध्ये नव्हे, म्हणून फाइल कॉपीच्या वेगाशी ताडताना त्याला ८ ने भागावे. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, जोडणीवर साधारण ९४० मेगाबिट दिसले, तर केबल ठीक आहे. पूर्ण १००० कधीच दिसत नाहीत, कारण प्रत्येक पॅकेटच्या (माहितीच्या छोट्या तुकड्याच्या) वेष्टनालाही जागा लागते. मात्र आकडा ९४ च्या आसपास अडकला, तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे असे समजावे. आमच्या शेडमध्ये नेमके हेच झाले होते. नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी) बदलायचा विचार पक्का होत आला होता; शेवटी प्लग उजेडात धरून पाहिला, तेव्हा तपकिरी जोडीतील एक तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. १०० मेगाबिटला केबलमधील तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. प्लग कापून नवा क्रिंप केला, म्हणजे तारांवर दाबून बसवला, आणि आकडा ९४१ वर गेला.

एका चाचणीवर विसंबू नये. माहिती एरवी क्लायंटकडून सर्व्हरकडे जाते; आज्ञेच्या शेवटी '-आर' (मोठे) जोडले की उलट दिशा मोजली जाते, आणि दोन दिशांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर शोधाला धागा मिळतो. '-टी ६०' लिहिल्यास चाचणी मिनिटभर चालते. ती वेल्डिंग किंवा मोठी मोटर चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा घ्यावी, कारण पॉवर केबलला चिकटून नेलेली नेटवर्क केबल रिकाम्या शेडमध्ये निर्दोषच वाटते. लिनक्सवर 'रिट्र' या रकान्यात पॅकेट किती वेळा पुन्हा पाठवावे लागले ते दिसते. यंत्र सुरू होताच तो आकडा उसळला, तर केबलचा मार्ग बदलावा.

सीसीटीव्हीसारख्या सलग प्रवाहासाठी यूडीपी (हरवलेले पॅकेट पुन्हा न पाठवणारी पद्धत) चाचणी उपयोगी: 'आयपर्फ३ -सी १९२.१६८.१.१० -यू -बी ५०एम', यातील 'एम' मोठे. '-बी', म्हणजे पाठवण्याचा वेग, विसरल्यास यूडीपी फक्त १ मेगाबिटने चालते आणि नवखा माणूस उगाच घाबरतो. इथे वेगापेक्षा हरवलेली पॅकेट्स आणि 'जिटर', म्हणजे पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतील चढउतार, पाहावा.

काम झाल्यावर सर्व्हर 'कंट्रोल' आणि 'सी' दाबून बंद करावा आणि फायरवॉलमध्ये ५२०१ पोर्ट उघडला असल्यास तोही आठवणीने मिटवावा.