क्लिप लावली म्हणजे जोडणी झाली, असं समजू नका

एएमईच्या, म्हणजे विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी लिहितेय. मी परभणीची. इंधन भरताना साचणारी स्टॅटिक वीज म्हणजे काय, ते तुम्ही मॉड्यूलमध्ये वाचलेलंच आहे. ते वाचूनही मी कुठं चुकले, तेवढं सांगते.

फेब्रुवारीची सकाळ होती. मराठवाड्यातलीच एक छोटी धावपट्टी. हवा इतकी कोरडी, की स्वेटर काढताना चटचट आवाज यायचा. सेसना १७२ या छोट्या विमानात एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, भरायचं होतं. मी ही वीज वाहून नेणारी रीलची वायर ओढली, पंखाखालच्या टाय-डाऊन रिंगला (विमान बांधून ठेवायच्या कडीला) क्लिप लावली, शिडी चढले आणि टाकीच्या झाकणाला हात घातला.

"थांब! हात काढ तिथून." खालून आमचे जुने मेकॅनिक काका ओरडले. "खाली ये पोरी, मीटर आण."

त्यांनी एक प्रोब क्लिपवर धरला, दुसरा एक्झॉस्ट पाइपच्या उघड्या धातूवर. मीटरवर ओएल, म्हणजे जोडणीच नाही. रिंगवर रंगाचे थर चढलेले होते आणि क्लिपचे दात त्या रंगावर नुसते टेकले होते. इंजिन थंडच होतं. काकांनी क्लिप काढून एक्झॉस्टला लावली, दोनदा मागं-पुढं फिरवली. आकडा एक ओहमच्या आत आला.

रंग निदान दिसतो तरी. खरा घात अॅनोडाइज केलेलं, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढवलेलं, अॅल्युमिनियम करतं. ते चकचकीत, कोऱ्या धातूसारखं दिसतं, पण वरचा थर वीज जाऊ देत नाही. गंज आणि ग्रीस तर आहेच. कधी क्लिपच्या मानेजवळ वायर आतून तुटलेली असते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागीच क्लिप लावा आणि शंका आली की झाकण उघडायच्या आधी मीटर लावून बघा.

"काही होत नसतं" म्हणणारे सीनियर तुम्हालाही भेटतील. त्यांच्यासमोर हा हिशेब मांडा. माणसाच्या अंगावरची ठिणगी आपल्याला जाणवते तीच साधारण ३,००० व्होल्टच्या पुढं. अंगाची भार साठवायची क्षमता १०० पिकोफॅरड धरली तर तेवढ्यात ०.४५ मिलिज्यूल ऊर्जा असते. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला साधारण ०.२५ मिलिज्यूल पुरते. म्हणजे बोटाला जेमतेम कळणारी ठिणगीसुद्धा जास्तच आहे.

क्रमही पाठ करू नका, समजून घ्या. आधी विमानाची क्लिप, मग झाकण बंद असतानाच नॉझलची वायर, मग झाकण. ठिणगी पडायचीच असेल तर ती जोडताना पडते, तेव्हा तिथं वाफ नको. सोडवताना उलटं: आधी झाकण बंद. प्रश्नसंचातून पाठ केलेला क्रम मला शिडीवर आठवला नव्हता. कारण कळल्यापासून विसरले नाही.

जेट ए-१ ला, म्हणजे जेट विमानांच्या रॉकेलसारख्या इंधनाला, पेट्रोलसारखी भीती नाही म्हणतात. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३८ अंश. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२ होतात, हे ध्यानात ठेवा. शिवाय बाउझरच्या, म्हणजे इंधनाच्या टँकरच्या, फिल्टरच्या बारीक तंतूंतून इंधन जाताना भार भरपूर तयार होतो. बाउझर आणि विमान एकमेकांना जोडायचे ते त्याचसाठी. गावाकडं फवारणीच्या पंपाचं पेट्रोल आपण प्लास्टिकच्या बाटलीत आणतो, ती सवय इथं सोडा. प्लास्टिकच्या बादलीला क्लिप लावून काही उपयोग नाही.

घाबरून मात्र जाऊ नका. त्या दिवसानंतर आठवडाभर क्लिप हातात घेताना माझी बोटं थरथरायची. काका शेजारी उभे राहायचे, बोलायचे काहीच नाहीत. असा एक माणूस शोधा, क्लासच्या फीपेक्षा तो जास्त कामाचा.

आणि उन्हाळ्यात अर्थ पिटकडं, म्हणजे वीज जमिनीत सोडायला रॉड पुरलेल्या खड्ड्याकडं, बघा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि रॉडभोवतीची पकड जाते. दिवसाआड दोन बादल्या पाणी मीच ओतायचे.