चवथीच्या प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न कसे काढावेत

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मंडपात किंवा वाचनालयाच्या वर्धापनदिनी प्रश्नमंजुषा ठरली की आधी बक्षिसांची चर्चा होते आणि प्रश्न शेवटच्या रात्री उतरवले जातात. हा क्रम उलटा करा. ३० प्रश्न विचारायचे असतील तर किमान ४५ काढा; तपासताना १५ गळतातच. भूगोल, खाणं, संगीत, इतिहास आणि कला अशा पाच फेऱ्या, प्रत्येकी सहा प्रश्न. सहापैकी दोन गोव्याचे, बाकी भारत आणि जगाचे. सगळेच गोव्याचे ठेवले तर शिक्षकांचा एकच संघ जिंकतो आणि मुलं गप्प बसतात.

प्रश्न उत्तराकडून सुरू करायचा. समजा उत्तर आहे केसरबाई केरकर. ‘केसरबाईंचा जन्म कधी झाला?’ हा मेलेला प्रश्न: पाठ असेल तर येतो, नाही तर विचार करायला काही उरतच नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘१९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत भारतीय संगीताचा एकच नमुना आहे, भैरवीतला. गायिका फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. कोण?’ व्हॉयेजर माहीत नसलेल्यालाही केरीवरून केरकर आडनाव सुचू शकतं. उत्तर कळल्यावर ‘अरे, हे यायला हवं होतं’ असं संघाला वाटलं तर प्रश्न जमला. केरी नावाची गावं सत्तरी आणि पेडण्यातही आहेत, म्हणून तालुका लिहायलाच हवा.

सर्वाधिक भांडणं होतात ती एकाहून अधिक उत्तरं असलेल्या प्रश्नांवरून. ‘गोवा भारतात कधी आला?’ हेच घ्या. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची, बारावी घटनादुरुस्ती १९६२ ची, पोर्तुगालने सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या करारात, आणि घटक राज्य झालं ३० मे १९८७ रोजी. चारही तारखांना आधार आहे, म्हणून नेमकी कुठली घटना ते प्रश्नात सांगा. राजधानीचंही तसंच: पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आले १७५९ साली, पण पणजी अधिकृत राजधानी ठरली १८४३ मध्ये. ‘अधिकृत’ हा एक शब्द गाळला की परीक्षक अडचणीत.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘गोमंतकीय’ आणि ‘गोव्यात जन्मलेला’ यांत गल्लत. लता मंगेशकर इंदूरच्या, मारियो मिरांडा दमणचे, चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरचे, किशोरी आमोणकर मुंबईच्या. हे सगळे जन्माने गोव्याबाहेरचे. दीनानाथ मंगेशकर मात्र मंगेशीचे आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचे.

खाण्याची फेरी सर्वांत रंगते, कारण तिथे आजीही उत्तर देऊ शकते. पर्यायी प्रश्न इथे शोभतात: ‘१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला त्याआधी इथल्या स्वयंपाकघरात यांतलं काय होतं: मिरची, काजू, बटाटा की कोकम?’ पहिल्या तिन्ही गोष्टी अमेरिका खंडातून आल्या. कोकम पश्चिम घाटातलं. उत्तरपत्रिकेत पर्यायी नावंही लिहून ठेवा. कोणी ‘भिरंड’ म्हणेल, कोणी ‘सोलं’. फळ आणि वाळवलेली साल, दोन्ही ग्राह्य धरा. विंदालू या गोव्याच्या मसालेदार मांसाच्या पदार्थाचा प्रश्नही चांगला चालतो: नावातला ‘आलू’ बटाट्याचा नाही, पोर्तुगीज भाषेतल्या लसणीचा आहे. बिबिंका या थरांच्या गोड पदार्थाचे थर किती हे विचारू नका. कुणाच्या घरी सात, कुणाच्या घरी सोळा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

संगीतासाठी तुकडा २० सेकंदांचा ठेवा आणि फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. मंडपात गर्दी झाली की नेट अडतं. जुन्या ध्वनिमुद्रिकांत गाणं संपल्यावर गायक कधी स्वतःचं नाव सांगतो, तो भाग कापायला विसरू नका. चवथीत घुमटाशिवाय (मातीच्या भांड्याला कातडं लावून केलेलं वाद्य) ही फेरी अपुरीच, म्हणून कारण विचारणारा प्रश्न ठेवा: ‘घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं असतं. का?’ उत्तर: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. अशा उत्तरातून श्रोत्यांनाही काही मिळतं.

कलेच्या फेरीत चित्रं दाखवायची तर ती रंगीत छापा. निळ्या आझुलेजो फरशा (चित्रं रंगवलेल्या पोर्तुगीज धाटणीच्या चकचकीत फरशा) काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ओळखू येत नाहीत. ‘आझुलेजो’ निळ्या रंगाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असं बरेच जण ठामपणे सांगतील; तो खरा अरबीतून आलेला आहे. मोनालिसा कॅनव्हासवर नसून लाकडी फळीवर आहे, हाही असाच चकवा. मात्र एका फेरीत असे चकवे दोनच. जास्त झाले की संघ सोप्या प्रश्नावरही शंका घेऊ लागतात.

भूगोलाचे आकडे नव्या स्रोतावरून तपासा. गोव्यात धारबांदोडा हा नवा तालुका झाल्यावर जुन्या पुस्तकांतला अकरा तालुक्यांचा आकडा चुकीचा ठरला. एव्हरेस्टची उंची २०२० पासून ८,८४८.८६ मीटर धरतात. प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी सापडायला हवं. एकाने दुसऱ्यावरून उतरवलेलं असेल तर ते एकच ठिकाण.

सहापेक्षा जास्त संघ असतील तर तोंडी फेरी नको. पाळी येईपर्यंत लोक कंटाळतात. चौघांचा संघ करा आणि उत्तरं कागदावर घ्या. प्रश्न दोनदा वाचा, मग ४५ सेकंद द्या. एक फेरी आठ मिनिटांत होते, कागद गोळा करून उत्तरं सांगायला पाच, म्हणजे पाच फेऱ्या साधारण ६५ मिनिटांत. कागद दुसऱ्या संघाकडून तपासून घ्या आणि गुण प्रत्येक फेरीनंतर फळ्यावर लिहा, शेवटी एकदम नको. शुद्धलेखनाचे गुण कापू नका.

बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न: ‘गोव्याचं क्षेत्रफळ किती चौरस किलोमीटर?’ ३,७०२ च्या जवळ जाईल तो संघ जिंकला. असे दोन प्रश्न वेगळ्या पाकिटात राखून ठेवा, कारण पहिल्यालाही कधी कधी दोन्ही संघ नेमका आकडा लिहितात.